दोन बाटल्या आणि एक डबा

आमच्या लहानपणी डॉक्टर थापा मारायचे ते एकट्याने. काचेच्या बाटलीत लाल औषध, बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी, आणि "हे घेतलंस की उद्या पळायला लागशील" असं हसतमुख आश्वासन. बाटलीत निम्मं पाणी असतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि आईलाही. तरी आम्ही पळायला लागायचो. आता बरीच प्रगती झाली आहे. कोणाला खरं औषध द्यायचं आणि कोणाला साखरेची गोळी, हे संगणक ठरवतो. ते रोग्याला कळत नाही आणि डॉक्टरलाही कळत नाही. एकाला अंधारात ठेवलं तर फसवणूक होते. दोघांना ठेवलं की त्याचं संशोधन होतं.

माझे आणि अक्कांचे, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचे, हात कापायला लागले तेव्हा आम्ही अशाच एका संशोधनात शिरलो. एके काळी आम्ही दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसायचो. एकाची तार काढून दुसऱ्याची जोडताना अक्कांचे हात असे चालायचे की साहेबसुद्धा बघत उभे राहायचे. त्याच हातांतून आता चहा सांडायचा. दोघींचे नवरे गेलेले, घरात आम्ही दोघीच. तरी अक्का कप घेऊन खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. चारचौघांत तर त्यांनी पाणीसुद्धा सोडलं होतं. भर उन्हाळ्यात म्हणायच्या, "तहान नाही गं."

संशोधनाच्या डॉक्टरीणबाई गोड होत्या. आम्हा दोघींना एकेक बाटली देऊन त्यांनी सगळं समजावलं. तुम्हाला खरी गोळी मिळेल किंवा साखरेची. काय मिळालं ते शेवटी सांगू. दोघींच्या बाटल्या वेगळ्या ठेवा.

घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "म्हणजे एकीच्या ताटात जेवण आणि एकीच्या ताटात जेवणाचं चित्र? आपल्या घरात असं कधी वाढलंय का?"

वाढलं नव्हतं. आमच्या सासूबाई साबणाची वडीसुद्धा दोऱ्याने कापून दोन्ही सुनांना सारखी द्यायच्या. तेव्हा आम्ही दोन्ही बाटल्या एका डब्यात रिकाम्या केल्या, झाकण लावून डबा खळखळून हलवला आणि रोज सकाळी डोळे मिटून एकेक गोळी उचलू लागलो. संगणकाने तरी याहून वेगळं काय केलं असेल?

हळूहळू फरक पडला. अगदी पूर्वीसारखे नाहीत, पण हात बरेच थांबले. एका सकाळी अक्का कप घेऊन माझ्यासमोर बसल्या. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

"बघ की सरळ," त्या म्हणाल्या. "नाही सांडत."

मग संशोधन संपलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून बातमी दिली. खरी गोळी माझी होती, आणि ज्यांची खरी होती त्यांना ती यापुढेही मिळणार होती. अक्कांची साखरेची, त्यांचं काम झालं, आभारी आहोत.

"पण माझे हात थांबलेत ना, बाळ!"

"आजी, तो मनाचा परिणाम असतो. तुमचं मन खूप सकारात्मक आहे."

"माझं?" अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "सांग गं हिला माझं मन कसं आहे ते. सासूबाईंना तर जन्मभर कळलं नाही."

मग मी डब्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा पडला की मला त्यांना पाणी द्यावंसं वाटलं.

"अहो आजी, तुम्ही... एकत्र केल्या? सगळ्या?"

"हलवून," अक्का म्हणाल्या.

प्रकरण नीतिमत्ता समितीकडे गेलं. नीती पाहायलाही आता समिती लागते. आमच्या वेळी ते काम शेजारणी करायच्या. समितीने विचारपूर्वक ठरवलं की संगणकाने मला खऱ्या गटात टाकलं होतं, म्हणून माझी गोळी चालू राहील. अक्का साखरेच्या गटातल्या. त्यांना दिली तर साखर खाल्लेल्या बाकी सगळ्यांवर अन्याय होईल. बाजारात औषध यायला काही वर्षं लागतील, तोवर धीर धरावा. अक्का ब्याऐंशीच्या आहेत हे समितीच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे. मी म्हटलं, माझी गोळी त्यांना द्या. ते नियमात बसत नव्हतं. शिवाय आमचा इतिहास पाहता मी रोज दवाखान्यात येऊन नर्ससमोरच गोळी गिळायची होती.

"मग मलाही नको," मी घरी येऊन जाहीर केलं.

अक्का भडकल्या. "का? माझ्या हातांना सोबत म्हणून तुझे कापायला हवेत? घरात चहा ओतायला कोणी नको? मोठी आली त्याग करणारी! भाजी चिरताना बोट कापून घेशील, आणि पट्टी बांधायला येईन मी, या हातांनी!"

दुसऱ्या दिवसापासून मी दवाखान्यात जाऊ लागले. अक्काही बरोबर यायच्या. त्यांचे हात महिन्याभरात पुन्हा कापायला लागले.

काल नर्सने माझ्या तोंडात टॉर्च मारून गोळी गेल्याची खात्री करून घेतली. मी बाहेर आले तर अक्का भरगच्च व्हरांड्यात, बरोबर डॉक्टरीणबाईंच्या दारासमोरच्या बाकावर बसलेल्या. त्यांनी यंत्रातून कागदी कपात चहा घेतला होता. निम्मा मांडीवर सांडला होता. लोक बघत होते. मी धावले.

"अक्का, चला, आडोशाला जाऊ."

"आडोसा कशाला? मधे येऊ नकोस." त्यांनी कप ओठांकडे नेला, आणखी थोडा सांडला. डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अक्कांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. "ये बाळ, बस इथे. तुमचं संशोधन नीट झालं की नाही, ते बघून घे."

डॉक्टरीणबाई बसल्या नाहीत. आतही गेल्या नाहीत. अक्कांनी चहा सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि मला म्हणाल्या, "आणखी एक आण. भरून."