डोंगराआडचा कोपरा

सीमेवरची रडारं दुरुस्त करणारी ताई सकाळपासून समितीच्या दालनाबाहेर ताटकळत होती. आत संरक्षणाच्या निधीवर खल चालला होता. जेवणं उरकल्यावर तिला बोलावलं, तेव्हा निम्मे सभासद पेंगत होते.

"आमच्या ठाण्यावर तीन रडारं, चालतं एकच," ती म्हणाली. "दोन्हींचे भाग काढून तिसरं जगवतोय. आता काढायलाही काही उरलं नाही. त्या एकाला डोंगराआडचा कोपरा दिसत नाही; तिथून ड्रोन आलं तर पत्ता लागायचा नाही. पलीकडे फौज वाढतेय, हे तुमच्याच अहवालात लिहिलंय."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाई, माझ्या मतदारसंघात दवाखान्याला छप्पर नाही. तिथे काय तोंड दाखवू?"

ते खोटं बोलत नव्हते, आणि तेच तिला जास्त जाचलं. "छप्पर घालाच, साहेब. पण त्याच छपरावर वरून काही पडलं तर? एवढं आधी करा. पाया पडते." ती टेबलाजवळ सरकली. "माझा धाकटा भाऊ त्याच ठाण्यावर आहे. दुर्बीण घेऊन आभाळ बघत बसतो."

"बघू. पुढच्या अधिवेशनात घेऊ."

"बघू नका म्हणू, तारीख सांगा!"

शिपायानं तिला हळूच बाहेर नेलं. जिन्यात उभं राहून तिनं भावाला फोन लावला.

"काय म्हणाले गं?"

"पुढच्या अधिवेशनात."

"मेलो! तोवर माझी मान वरच आखडणार बघ," तो हसला. तिला हसता आलं नाही.

सतराव्या दिवशी, भर दुपारी, ड्रोन डोंगराआडूनच आलं. भावाला ओरडण्यापुरता वेळ मिळाला. तो वाचला, पण डावा पाय गेला. भटारखान्यातले दोघं जागीच गेले.

समिती तातडीनं बसली. निधी दहा मिनिटांत मंजूर झाला, वरातीमागून घोडं. ताईला पुन्हा बोलावलं होतं. अध्यक्षांना तिच्याकडे बघवेना.

"नवं रडार महिन्याभरात येईल, बाई."

"आणि बाकीची चार ठाणी? तिथंही हीच गत आहे."

"आज विषय एकाच ठाण्याचा आहे."

ताईनं समोरची रिकामी खुर्ची ओढली आणि कुणी बस न म्हणताच बसली.

"मग दुसरा विषय घ्या," ती म्हणाली. "मी कुठंही जात नाही."