चिमणाकाकूचा प्लास्टिकचा डबा

चिमणाकाकू सूप घेऊन ओसरीवर बसली की आमच्या फळियात, म्हणजे आळीत, कुणी शिंकायचं नाही. तांदूळ उडतात. वैशाखातला वारा मात्र तिला जुमानत नसे. काळ्या शेतातली धूळ उचलून तो थेट सुपात आणून टाकायचा आणि काकू त्यालाही शिव्या घालायची.

रेशनच्या तांदळात शंभरात एखादा दाणा जरा पिवळट असायचा. ते प्लास्टिक आहे, हा शोध आमच्या मानसिंगरावांचा. ते पूर्वी तलाठी होते, म्हणून गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी भाताचा गोळा वळून सगळ्यांदेखत भिंतीवर फेकला. गोळा उसळला आणि परत येऊन त्यांच्याच टकलावर बसला. आणखी काय पुरावा हवा होता?

तेव्हापासून सगळी फळिया पिशव्या घेऊन काकूच्या दारात. तिची नजर घारीची. निवडलेला दाणा न् दाणा ती पत्र्याच्या डब्यात साठवायची. कधी बडोद्याहून मोठा साहेब आलाच, तर त्याच्या टेबलावर ओतायचा बेत होता.

हा सारा खटाटोप सुनेसाठी होता. मोहनाला सातवा महिना लागलेला, तोंड पांढरंफटक, न्हाणीपर्यंत गेली तरी धाप लागायची. रक्त वाढलं नाही तर बाळंतपण जोखमीचं, असं दवाखान्याच्या नर्स श्रद्धाबेननं बजावलेलं. काकूची बहीण बाळंतपणातच गेली होती. त्यामुळे श्रद्धाबेनचं ऐकल्यापासून ती एकेक दाणा दोनदोनदा तपासायची.

पुढच्या फेरीला श्रद्धाबेननं विचारलं, "बा, सून रेशनचा भात खाते ने?"

"रोज खाते. पन प्लास्टिक काढून! एक दाना जाऊ देत नाय मी." काकूनं मोठ्या तोऱ्यात डबा उघडून दाखवला.

श्रद्धाबेननं कपाळावर हात मारला. "अरे रे बा, आ शुं कर्युं, हे काय केलंत? हेच तर कामाचे दाणे! तांदळाच्या पिठात लोह घालून बनवतात. अशक्त माणसांसाठी रेशनच्या तांदळात मिसळायचा सरकारचा नियमच आहे."

"मग गोळा उसळला कसा?" मानसिंगराव ओट्यावरून ओरडले.

"काका, घरच्या बासमतीचा भात मळून फेका. तोपण उसळशे."

काकूनं डब्यातले मूठभर दाणे हातात घेतले. "म्हंजे माझ्या पोरीच्या तोंडातलं मीच काढलं गं!" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटलं, पण रडायला तिला सवड मिळाली नाही. अर्ध्या तासात फळिया दारात हजर.

"आमचं प्लास्टिक परत द्या!"

"नऊ किलो तांदळातलं माझं आहे त्यात," मानसिंगराव म्हणाले.

"तुमचं कुठलं ते ओळखा आन् घेऊन जा," काकू फणकारली.

मानसिंगरावांनी चष्मा लावला आणि खरोखरच शोधायला बसले. शेवटी मूठमूठ वाटून काकूनं सगळ्यांना वाटेला लावलं. श्रद्धाबेन जाताना सांगून गेली की मोहनानं लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि तांदूळ आला तसा शिजवायचा.

महिन्यानं मोहनाचं रक्त वाढलं. श्रद्धाबेन म्हणाली, गोळ्या आणि जेवण दोन्हींचा गुण. काकू म्हणाली, डब्याचा.

परवा नवं रेशन आलं. बघतो तर काकू परत सूप घेऊन बसलेली, पिवळट दाणे वेचतेय.

"काकू, आता कशाला निवडता?"

"मिसळनाऱ्यांचा काय भरोसा? सगळे एकाच कोपऱ्यात बसले तर?" तिनं तांदळाचे दोन ढीग केले, एक मोहनाचा, एक स्वतःचा. मग वेचलेले दाणे दोन्हींत मोजून टाकू लागली, एक इकडे, एक तिकडे. मधेच थांबली. दाराकडे बघितलं, मोहना आत होती. स्वतःच्या ढिगातले सगळे पिवळे दाणे तिनं बोटानं गुपचूप मोहनाच्या ढिगात सरकवले.

मी बघतोय हे लक्षात आल्यावर डाफरली, "बघतोस काय? मला कुठं बाळंत व्हायचंय!"