पोकळ फरशी

सर्जननी टेबलावर तीन तुकडे मांडले आणि फरशी मिस्त्रीच्या बायकोला म्हणाले, "हातात घेऊन बघा, घाबरू नका."

मिस्त्री शेजारीच बसला होता, कानटोपी घालून. परांचीवरून पडला तेव्हा त्याच्या कवटीचं डावं हाड काढावं लागलं होतं. ते जपून ठेवून परत बसवलंही, पण त्यात पू झाला आणि ते कायमचं गेलं. आता तिथे बशीएवढा खळगा होता. ज्याच्या बडबडीने हाताखालची माणसं कावून जायची, तो माणूस पडल्यापासून एक शब्द बोलला नव्हता.

"हा टायटॅनियमचा पत्रा, पातळ पण भक्कम. हे हाडांचं सिमेंट..."

"सिमेंट?" सोबत आलेल्या धाकट्या दिराला राहवलं नाही. "दादानं जन्मभर लोकांच्या घरात भरलं, आता त्याच्याच डोक्यात!"

कोणी हसलं नाही. रडू आलं की तो असंच काहीतरी बोलायचा.

तिचा हात तिसऱ्या तुकड्यावर गेला होता. पांढरा, खडूसारखा, बारीक छिद्रांचा.

"हाडात जे क्षार असतात, त्यांचाच आहे तो. छिद्रांमधून हळूहळू त्यांचं स्वतःचं हाड शिरतं."

"म्हणजे हा त्यांचाच होऊन जाईल?"

"बराचसा. काही वर्षांनी."

तिचा जीव सुपाएवढा झाला. तिला तोच हवा होता.

"पण तोवर ठिसूळ असतो," सर्जन म्हणाले. "यांना फिट येतात, कुठेही पडतात. आपटलं की तडकेल. मी पत्राच सांगेन."

तिने पांढरा तुकडा खाली ठेवला. मग धीर करून विचारलं, "पत्र्यानं बोलायला लागतील ना?"

सर्जननी चष्मा काढून पुसला. "डोक्याला आकार येईल, ताई. आतला मेंदू आकसलाय. पत्र्याखाली थोडी जागा रिकामीच राहील."

तिने पत्रा उचलून सर्जनसमोर ठेवला.

पत्रा बसला. टाके सुकले, केस उगवले, डोकं गोल झालं. "अगदी पहिल्यासारखे दिसतात हो!" शेजारीण म्हणाली. खोटं नव्हतं. दिसतच होते.

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत असताना टकटक ऐकू आली. मिस्त्री मान कलती करून बोटाच्या पेराने स्वतःचं डोकं वाजवत होता. उजवीकडे, मग डावीकडे. पुन्हा डावीकडे. लग्नानंतर काही वर्षं ती त्याच्या हाताखाली सिमेंट-वाळूचा माल कालवायची. बसवलेली प्रत्येक फरशी तो अशीच वाजवायचा, आणि खाली पोकळी लागली की घरमालक नको नको म्हणत असला तरी उखडायला लावायचा.

त्याने डावीकडे बोट टेकवलं.

"पोकळ," तो म्हणाला. आवाज अगदी त्याचाच. "काढ."

तिच्या हातातली घडी विस्कटली. या आवाजासाठी ती देव पाण्यात घालून बसली होती. तो आला, आणि त्याला एवढंच सांगायचं होतं.

"काढ," तो पुन्हा म्हणाला आणि वाट पाहत राहिला.

ती उठली. त्यानेच शिकवलं होतं तसं बोटाचं पेर त्या जागी हलकेच वाजवलं, कान लावून ऐकलं. मग कामावर हाक मारायची त्याच नावाने म्हणाली, "नीट बसलीय, मिस्त्री. राहू द्या."

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. कामातलं खोटं त्याला कधीच खपलं नव्हतं. मग हात मांडीवर ठेवून तो भिंतीकडे बघू लागला. त्यानंतर तो पुन्हा कधी बोलला नाही.