एका दुर्मीळ पालीचा डोंबिवली मुक्काम

डोंबिवलीच्या अपूर्वला एकच दुःख होतं. ठाण्याच्या त्याच्या ऑफिसात प्रत्येकाकडे मांजर नाहीतर कुत्रा होता, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यांचेच फोटो दाखवत बसायचे. आपल्याकडे असं काहीतरी हवं, जे अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे नसेल!

मोबाइलवरच्या एका ग्रुपने त्याला वाट दाखवली. सह्याद्रीतल्या एकाच डोंगरावर सापडणारी, पिवळ्या डोक्याची दुर्मीळ पाल! "सर, लास्ट पीस," म्हणत एका माणसाने शीळफाट्यावर त्याच्या हातात श्रीखंडाचा डबा ठेवला. झाकणाला भोकं होती.

अपूर्वची आई प्रमोदिनीबाई पालीला इतक्या घाबरायच्या, की त्या तिचं नावही घेत नसत, नुसतं 'ती' म्हणत. त्यांनी डबा पाहिला, हौसेने वाटी-चमचा घेतला आणि झाकण उघडलं.

किंकाळी समोरच्या बिल्डिंगमध्ये ऐकू गेली! पाल उडी मारून माळ्याकडे पसार झाली. प्रमोदिनीबाईंनी झाडू उचलला.

"आई, थांब! मारू नको, मी विकत आणलेली आहे ती!"

"विकत?" प्रमोदिनीबाई आता खुर्चीवर उभ्या होत्या. "अरे, घरात फुकटच्या आहेत त्या पुरेनात का तुला?"

त्या दिवसापासून घरातल्या यच्चयावत पालींना अभय मिळालं, कारण कोणती कुठली ते कळेना. ट्यूबलाइटमागे काही हललं की अपूर्व स्टुलावर चढून डोकं पिवळं आहे का ते बघायचा. सोसायटीचे सेक्रेटरी मधुकाका पेस्ट कंट्रोलवाल्याला घेऊन आले, तर हा दारात आडवा.

"काका, आमच्याकडे नको. आईला वासाचा त्रास होतो."

"मला? कधीपासून?" आतून आवाज आला.

मग एका सकाळी आईने त्याला हाक मारली, तीही अगदी हळू. अपूर्व धावत ड्राय बाल्कनीत गेला. कोपऱ्यातल्या पाट्याला चारही पाय पसरून पिवळ्या डोक्याची पाल चिकटली होती. शेपटी तुटलेली, पोट खपाटीला गेलेलं.

"अपूर्व, या घरात सगळीकडे टाइल्स, काच आणि प्लायवुड," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "दगड एकच, हा माझा पाटा. हिने तोच शोधून काढला बघ."

अपूर्वने फोटोसाठी उचललेला मोबाइल खाली केला.

"मला हिची भीती वाटते. आत्ताही वाटतेय. पण मी हिला फार तर माझ्या घरातून हाकलीन. तू तर हिला हिच्या घरातून उचलून आणलंस. कशासाठी? फोटो दाखवायला!"

"अगं, पण मी कुठे पकडली? मी फक्त घेतली."

"घेणारा होता म्हणूनच पकडणारा डोंगर चढला ना?"

तेवढ्यात त्या माणसाचा मेसेज आला. अपूर्व मोठ्याने वाचू लागला, "सर, जोडी लावायची का? मादी मागवतो. बऱ्याच वाटेतच मरतात, म्हणून टाइम..." पुढचं त्याला वाचवेना. 'लास्ट पीस' म्हणजे वाटेत न मरता उरलेली एकटी, हे त्याला आत्ता कळलं!

त्याने तिथूनच वनखात्याला फोन लावला. अधिकारी आले, त्यांनी पाल ताब्यात घेतली आणि अपूर्वला चांगलंच फैलावर घेतलं. चौकशीला बोलावलं, तेव्हा त्याने सबबी सांगितल्या नाहीत. ग्रुपमधले सगळे मेसेज त्यांच्या स्वाधीन केले.

काही आठवड्यांनी कळलं की पाल बरी झाली आणि तिला सोडूनही दिलं.

"कुठल्या डोंगरावर, साहेब?" अपूर्वने विचारलं.

"ते आम्ही कोणालाच सांगत नाही," अधिकारी म्हणाले.

"नकाच सांगू," अपूर्व म्हणाला, आणि खूप दिवसांनी मोकळं हसला.

वाचकहो, दुर्मीळ जीव पाहून आपणही हरखतो आणि तो आपल्याकडे असावा असं वाटू लागतं. पण आपल्यासारख्या एकेका हौशी माणसाच्या घरी पोचता पोचताच तो दुर्मीळ झालेला असतो! तो जिथला आहे तिथे सुखाने नांदतोय, एवढं समाधान आपल्याला पुरायला हवं.