आईचा हिंडोळा आणि माझी सही

"आयली गो, आयली! आई हिंडोल्यावर बसली!"

ठमाबाई ओरडली आणि दोनशे माणसांनी माना वर केल्या. समाजमंदिराच्या छताला टांगलेले पाचही लामणदिवे एका लयीत डुलत होते. खिडक्या बंद, वाऱ्याचं नाव नाही. पायांखालचा मजलासुद्धा होडीसारखा हेलकावत होता. देवीच्या भजनात डावी-उजवीकडे झुलणाऱ्या बायका रडू लागल्या.

पोपटमहाराजांनी झांज उंच धरली. "विचारा तुमच्या सायन्सला, हे कोण हलवतं! अणूचा बाप परमाणू, परमाणूचा बाप ओंकार! गुडघे धरलेत? बसा हिंडोळ्यात. साखर वाढलीय? गोळ्या खाडीत टाका!"

हे १९९३ सालचं, ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातलं. मी गर्दीच्या मागे उभा होतो आणि मला घाम फुटला होता. भक्तीने नव्हे. त्या इमारतीच्या नकाशावर इंजिनियर म्हणून माझी सही होती.

दोन वर्षांपूर्वी ती बांधली, तेव्हा वर हॉल आणि खाली होड्या दुरुस्त करायला मोकळी जागा हवी होती. खालचे लोखंडी खांब झुलू नयेत म्हणून मी नकाशात त्यांना तिरपे अँगल, म्हणजे लोखंडी आधार, दाखवले होते. पंच म्हणाले, "साहेब, होडी आत कशी घेवाची? ते काढा." मी काढले. त्यानंतर सगळा हिशेब पुन्हा करायला हवा होता; नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात नवा कॉम्प्युटरही आला होता. पण मी म्हटलं, चालेल.

आता खांब झुलत होते, हे मला पाहताक्षणी कळलं. मी घरी गेलो आणि गप्प बसलो. महाराजांचं पितळ उघडं पाडायचं, तर आधी माझं उघडं पडणार होतं.

तीन आठवड्यांनी, हिंडोळा रंगात असताना, होडीचा मालक, नाखवा भिवाजी, हलत्या जिन्यावरून कोसळला. मांडीचं हाड मोडलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर तोच ओशाळून म्हणाला, "माझीच चूक, साहेब. मनान शंका आलेली. महाराज बोलले, म्हनून आईनं ढकलला."

मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. तसाच ऑफिसात आलो आणि माझ्या हाताखालच्या उत्तरा नावाच्या तरुण इंजिनियरला सगळं सांगून टाकलं. ती कामाला लागली. नकाशा उघडला, खांबांची मापं, मजल्याचं वजन, माणसांचं वजन असं एकेक कॉम्प्युटरमध्ये भरत गेली. दुपारी पडद्यावर हिरव्या रेषांचा हॉल उभा राहिला आणि डुलू लागला.

"सर, याचा स्वतःचा एक हेलकावा सव्वा सेकंदाचा आहे. माणसं त्याच ठेक्यात झुलली, तर झोपाळ्याला वेळेवर झोका दिल्यासारखं होतं. प्रत्येक झोक्याला हेलकावा वाढतो." तिने माणसांचा आकडा पाचशे केला. रेषा वाकल्या, खांबांच्या बुडाचे बोल्ट लाल झाले. "हे तुटतील. चैत्री पौर्णिमेला किती लोक येणार आहेत?"

"पाचशेच्या वर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भजनाच्या वेळी गेलो. उत्तराने पंचांना सांगून फक्त वीस जण वर ठेवले, बाकीच्यांना अंगणात उभं केलं. मग घड्याळ बघत म्हणाली, "भजन नको, महाराज नकोत. मी मोजते तसं झुला. डावीकडे... उजवीकडे..."

विसाव्या मोजणीला लामणदिवे डुलू लागले. अंगणातले लोक वरच्या खिडक्यांच्या काचांतून ते एकमेकांना दाखवू लागले.

"आता जरा घाईने." दिवे हळूहळू थांबले.

"आईची टिंगल करता? कोप होईल!" महाराज किंचाळले.

उत्तराने कोळ्यांनाच खालच्या खांबांमध्ये होडीचे जाड दोर तिरपे ताणून बांधायला सांगितले. कोळ्यांच्या गाठी त्या. अर्ध्या तासात खांब जखडले. मग वीस जण पुन्हा पहिल्याच ठेक्यात झुलले. एकही दिवा हलेना.

"महाराज, बोलवा आता आईला," ती म्हणाली.

महाराजांनी झांज बडवली, घाम पुसला, पुन्हा बडवली. "दोर सोडा! आई बांधली गेलीय!"

ठमाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आख्खा दर्या जिचा, ती आमचे दोराला घाबरली? तू लगनात ढोलकी वाजवाचास ना रे पोपट? इथं हलदीला नाचताना हॉल हलला, तवाच तुला ठेका गावला!"

लोक हसले. पोपट चपला शोधू लागला.

मला तेव्हाही गप्प बसता आलं असतं. मी पुढे झालो. "तो लबाड आहेच. पण हॉल हलतो माझ्यामुळे. अँगल काढले आणि तपासलं नाही. अँगल बसेपर्यंत वर कुणी जाऊ नका. खर्च माझा."

नंतर भिवाजीच्या खाटेपाशीही हेच सांगितलं. त्याने मान माझ्याकडे वळवली. "पयल्या दिशीच कललेला तुमाला?"

"हो."

"आनि मी आईची माफी मागत होतो." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या हंगामात त्याची होडी किनाऱ्यालाच राहिली.

म्हणून हे लिहितोय. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा: हे कशाने होतं? थांबवलं तर थांबतं का? महाराजांना विचारा आणि सही-शिक्का घेऊन येणाऱ्या माझ्यासारख्यालाही विचारा. आम्ही दोघं "चालेल" म्हणतो, तेव्हा हिशेब मागा.