कोरडा दिवस

थोरल्याने दाराला लाथ घातली तेव्हा धाकट्याच्या शिवणकामाच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची बैठक चालू होती. पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, बायांवर जडलेल्या बाया, सगळी घरच्यांनी टाकलेली. आई धाकट्याशेजारी बसली होती. आज त्याचा एक्केचाळिसावा कोरडा दिवस.

थोरल्याने त्याचं नरडं आवळून बाटली दातांत कोंबली. ओठ फाटला. "पी मेल्या! पीत होतास तोवर लोकांना सांगता तरी येत होतं, दारूच करवते हे पुरुषांचं वेड!"

हे बोल आईचेच होते, दहा वर्षं चारचौघांत मिरवलेले. तिने जड इस्त्री उचलून थोरल्याच्या मनगटावर हाणली. हाड कडकन मोडलं.

"आता सांग लोकांना, आईने मोडलं. तेही शुद्धीत!"

धाकटा रक्त आणि दारू थुंकला. "माझा दिवस गेला का गं?"

"गिळलीस?"

"नाही."

"मग आजचाही धर की मोजणीत!"