माझ्या नावाचा भुंगेरा

"बाबा, तुमच्या भुंगेऱ्याच्या पाठीवर ठिपके नाहीत," सुनेने चहाचा कप खाली ठेवत सांगितलं.

ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. "मग काय आहे? गोंदण?"

"ठिपके दगडावर आहेत, आतल्या भुंगेऱ्यावर नाहीत. तुमच्या वेळी असली यंत्रं नव्हती, म्हणून..."

"आमच्या वेळी डोळे होते."

हे संग्रहालयाच्या कीटकविभागात छत्तीस वर्षं होते. पुढे सून त्याच खुर्चीवर बसली आणि जुने खण उघडून कोणता भुंगेरा कोणत्या जातीचा ते नव्याने ठरवू लागली. हे भुंगेरे कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात अडकलेले. चिकाचा पिवळा दगड झाला, त्याला अंबर म्हणतात, आणि भुंगेरा आत जसाच्या तसा. सुनेने शंभरेक भुंगेरे इकडचे तिकडे केले, तोवर ह्यांनी हूं की चूं केलं नाही. पण हा भुंगेरा माझ्या नावाचा होता.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी तो नवीन जातीचा म्हणून जाहीर केला आणि त्या जातीला माझं नाव दिलं. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या ह्यांनी मला बांगड्या केल्या. तुला किडा?"

"बांगड्या झिजतात," मी तोऱ्यात म्हटलं होतं.

आता सुनेच्या मते, ठिपके वगळले तर तो शंभर ठिकाणी सापडणारा साधा भुंगेरा होता. म्हणजे माझं नाव रद्द.

आठवडाभर हे सुनेशी थेट बोलले नाहीत. "तिला म्हणावं, मीठ दे." ती शेजारीच बसलेली. मुलगा ताटात डोकं घालून जेवायचा. रविवारी ह्यांनी सुनेच्या निष्काळजीपणाबद्दल संग्रहालयाच्या मासिकाला पत्र लिहायला घेतलं.

सून स्वयंपाकघरात आली. "आई, त्यांना थांबवा. माझं काही नाही, हसं त्यांचं होईल. ते ठिपके म्हणजे दगडाच्या खाचांत बसलेली खडूची भुकटी आहे. कुणीतरी तो दगड दंतमंजनाने घासलाय."

मी पातेलं खाली ठेवलं.

लग्नानंतर मी त्या घरात दिसेल ते घासत सुटले होते. चित्र काढायला म्हणून ह्यांनी तो खडा रुमालात बांधून घरी आणला होता. मळकट दिसला. चांदीची डबी मी दंतमंजनाने घासायची, तसा तोही घासला. दुसऱ्या दिवशी ह्यांना दोन पांढरे ठिपके दिसले आणि हे घरभर नाचले. "काल कसे दिसले नाहीत मला?" मला वाटलं, मी पुसला म्हणून दिसले. मी खूशच झाले होते.

गप्प बसले असते तर पत्र गेलं असतं. मी हात पुसले आणि बाहेर जाऊन सगळं सांगितलं.

ह्यांनी पत्राचा कागद उलटा केला. मग पेन उघडलं.

"कोणतं मंजन?"

"गुलाबी डब्यातलं."

"मंजन गुलाबी की डबा?"

"डबा."

"ओलं की कोरडं?"

"ओलं. अहो, रागवा तरी."

"थांब, नोंद चालू आहे." पत्राच्या पाठीमागे हे लिहीतच होते. मग त्यांनी तो कागद सुनेपुढे सरकवला. आठवडाभरात पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलले, "तुझ्या लेखात घाल. डाग दंतमंजनाचे. चूक माझी, मी नीट पाहिलं नाही. घासलं कुणी ते लिहायची गरज नाही."

"बरं, बाबा."

"आणि तुझी नजर चांगली आहे. मीठ दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं संग्रहालयात गेलो. तिथे एक रीत आहे. भुंगेऱ्याची जात बदलली तरी जुनी चिठ्ठी काढत नाहीत, तिच्यावर नवी ठेवतात. नवी चिठ्ठी ह्यांनीच लिहायला घेतली. तीन चिठ्ठ्या वाया गेल्या. चौथी जमली. तिच्याखाली जुनी होती, ह्यांच्या तरुण, ठसठशीत अक्षरातली, माझ्या नावाची.

भुंगेरा ठेवलेल्या डबीच्या काचेवर बोटांचे ठसे उमटले होते. मी सवयीने रुमाल काढला, तशी ह्यांनी माझं मनगट धरलं.

"आता काही पुसू नकोस."

हे जाऊन सहा वर्षं झाली. कधीमधी सून मला तो खण उघडून दाखवते. काचेवर धूळ असते. रुमाल माझ्या हातातच असतो.